जागा चुकलेली पेस्ट

धानाच्या बांधीत चिखल हवाच असतो. चिखलणी नीट झाली नाही तर रोवणी चांगली होत नाही. पण तोच चिखल पायांना लागून स्वयंपाकघरात आला, की घरातील मोठी माणसे रागावतात. चिखल तोच, त्याचे गुणही तेच; फक्त जागा बदलली. संगणकाच्या पेटीतही असाच एक चिखल असतो. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. योग्य जागी असेल तर ती संगणकाचा जीव वाचवते. चुकून शेजारच्या सॉकेटमध्ये सांडली, तर तोच संगणक सुरू होत नाही. असे का होते, आणि झाले तर काय करावे, हे आज आपण पाहू.

उन्हाळ्यानंतरची पहिली घंटा

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड हे गाव आहे. तेथील डोंगर, जुना किल्ला आणि महाशिवरात्रीची यात्रा पूर्व विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. यात्रा आटोपली की ऊन तापू लागते. मे महिन्यात या भागात पारा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा गावच्या शाळेत चार-पाच संगणक आहेत, असे समजा. दोन महिन्यांची सुट्टी संपून जूनच्या अखेरीस शाळा उघडते. एक संगणक सुरू केला, तर दहा मिनिटांत तो आपोआप बंद पडतो. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद.

सर पेटी उघडतात. आत पंख्यावर धुळीचा थर, आणि पंख्याखालची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. धूळ झाडून, जुनी पेस्ट पुसून नवी लावायचे ठरते. या गडबडीत प्रोसेसर बाहेर निघतो आणि खालच्या सॉकेटमध्ये करड्या पेस्टचा एक ठिपका दिसतो. गोंदियाचे दुकान दूर आहे. खिशात रुमाल आहे. हात आपोआप रुमालाकडे जातो.

येथेच थांबा! तो रुमाल फिरवला, तर पेस्ट निघेल की नाही सांगता येत नाही. पण सॉकेटमधल्या केसासारख्या बारीक पिना वाकण्याची भीती मात्र नक्की आहे. पेस्टच्या ठिपक्याने जे नुकसान झाले नसते, ते रुमालाने होते. म्हणून आधी समजून घ्यायचे, मग हात लावायचा.

दोन सपाट पाठी

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा हिशेबनीस. तो काम करतो तेव्हा त्यात वीज खर्च होते, आणि खर्च झालेल्या विजेची जवळजवळ सगळी उष्णता बनते. टेबलावरच्या साध्या संगणकातील अनेक प्रोसेसर भर कामात सुमारे ६५ वॅट उष्णता बाहेर टाकतात. पूर्वीचा ६० वॅटचा पिवळा दिवा किती तापत असे, ते घरच्या मोठ्यांना विचारा. तेवढीच उष्णता येथे काड्यापेटीपेक्षाही लहान जागेतून बाहेर पडते.

उष्णतेचा प्रश्न संगणकाच्या जन्मापासूनचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक तयार झाला आणि १९६० मध्ये कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळी तापे. परंतु त्या मोठ्या जागेत पसरलेल्या होत्या. आजच्या प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर नखाएवढ्या तुकड्यावर दाटीने बसलेले असतात. उष्णता बाहेर काढायला जागाच थोडी! पुण्याच्या आयसर या संस्थेतील 'परम ब्रह्म' या महासंगणकात ही उष्णता वाहत्या द्रवाच्या मदतीने वाहून नेतात. आपल्या शाळेतील संगणकात ते काम हीट सिंक करतो. हीट सिंक म्हणजे पातळ पात्यांचा अॅल्युमिनियमचा ठोकळा, आणि त्यावर पंखा.

आता हीट सिंकचा तळ सपाट, प्रोसेसरची पाठही सपाट. दोन्ही एकमेकांवर घट्ट दाबले, तर मध्ये फट कोठे राहिली? डोळ्यांना दिसत नाही, पण राहते. सूक्ष्मदर्शकाखाली कोणताही गुळगुळीत धातू डोंगर-दऱ्यांचा प्रदेश असतो. दोन डोंगराळ प्रदेश एकमेकांवर पालथे ठेवले, तर शिखरे काही ठिकाणीच टेकतात. बाकी सगळीकडे दऱ्या, आणि दऱ्यांत हवा.

हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. म्हणून तर हिवाळ्यात लोकरीत अडकलेली हवा आपल्याला ऊब देते. प्रत्येक पदार्थाची उष्णता वाहून नेण्याची ताकद एका आकड्याने सांगतात. त्याला उष्णतावाहकता म्हणतात. एकच एकक धरले, तर तांब्याचा आकडा सुमारे ४००, अॅल्युमिनियमचा सुमारे २३७, पाण्याचा ०.६ आणि हवेचा फक्त ०.०२६ आहे. साध्या थर्मल पेस्टचा आकडा साधारण १ ते १० यांच्या दरम्यान असतो.

या आकड्यांत एक गंमत दडली आहे. पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटीपर्यंत चांगली आहे, पण तांब्यापेक्षा कितीतरी पट वाईट आहे. म्हणजे पेस्टने हवेची जागा घ्यायची, धातूची नाही. दऱ्या भरायच्या, शिखरे बुडवायची नाहीत.

एक छोटे गणित

वहीत हे गणित करून पाहा. थराच्या दोन बाजूंच्या तापमानातील फरक काढायचा, तर दर सेकंदाला वाहणारी उष्णता थराच्या जाडीने गुणायची, आणि आलेल्या संख्येला उष्णतावाहकता व क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने भागायचे.

उष्णता ६५ वॅट घेऊ. क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.००१ चौरस मीटर. फट ०.०५ मिलिमीटर, म्हणजे ०.००००५ मीटर. ६५ गुणिले ०.००००५ म्हणजे ०.००३२५.

फटीत फक्त हवा असेल, तर भाजक ०.०२६ गुणिले ०.००१, म्हणजे ०.००००२६. उत्तर येते १२५ अंश! प्रत्यक्षात काही शिखरे टेकलेली असल्यामुळे फरक इतका पडत नाही. परंतु हवा किती आडमुठी आहे, हे यावरून कळते. फटीत ४ वाहकतेची पेस्ट असेल, तर भाजक ०.००४ आणि उत्तर ०.८ अंश. कोठे १२५ आणि कोठे एक अंशही नाही!

आता उत्साहाच्या भरात कोणी १ मिलिमीटर जाड थर दिला असे समजा. तेच गणित पुन्हा करा. उत्तर येते सुमारे १६ अंश. पेस्ट जास्त म्हणजे गारवा जास्त, ही समजूत किती चुकीची आहे ते पाहिलेत ना? प्रतापगडच्या उन्हाळ्यात खोलीचेच तापमान ४० अंश असेल, तर प्रोसेसर त्या ४० वर चढायला सुरुवात करतो. तो १०० अंशांच्या आसपास पोहोचला, की आपला वेग कमी करतो आणि शेवटी स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. अशा वेळी १६ अंशांची उधळपट्टी परवडत नाही. शिवाय दाबल्यावर जास्तीची पेस्ट कडेने बाहेर येते. सॉकेटमध्ये पेस्ट जाण्याचे पहिले कारण हेच.

पेस्टमध्ये असते काय?

साध्या पांढऱ्या पेस्टमध्ये सिलिकोनचे तेल आणि त्यात घोटलेली झिंक ऑक्साइडची किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड असते. झिंक ऑक्साइड तुमच्या ओळखीचे आहे. घामोळ्यांवर लावतात त्या कॅलामाइनमध्येही तेच असते. पूड उष्णता नेते, तेल तिला ओली ठेवते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तेल कमी होत जाते आणि पूड कोरडी उरते. तिला भेगा पडतात, भेगांत पुन्हा हवा शिरते. जुना संगणक तापतो त्यामागे हे एक कारण असते.

दात घासायची पेस्ट लावली तर चालेल का, असे काही जण विचारतात. तिच्यात पाणी असते. गरम प्रोसेसरवर ते लवकरच उडून जाते आणि मागे कोरडी खपली राहते. तेव्हा ती दातांसाठीच ठेवा.

झिंक ऑक्साइडची पेस्ट उष्णता नेते, पण वीज नेत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा विचार यावर उभा आहे. करड्या रंगाच्या काही पेस्टमध्ये चांदीची किंवा इतर धातूंची पूड असते. तेलाने कण वेगवेगळे राहतात म्हणून त्यांतून सहसा वीज वाहत नाही; तरीही अगदी जवळच्या दोन पिनांमध्ये त्या बसल्या, तर नाजूक विद्युत्संकेतांत गोंधळ करू शकतात.

तिसरा प्रकार मात्र सर्वस्वी वेगळा. तो म्हणजे द्रवधातू. यात गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचे मिश्रण असते. मेंडेलेव्हने १८७१ मध्ये ज्या मूलद्रव्याचे भाकीत केले आणि जे १८७५ मध्ये फ्रान्समध्ये सापडले, तेच हे गॅलियम. ते २९.८ अंशांना वितळते. म्हणजे विदर्भाच्या उन्हाळ्यात ते सावलीतही पातळच राहील! मिश्रण तर त्याहूनही कमी तापमानाला वितळते. हा पदार्थ पाऱ्यासारखा चमकतो आणि विजेचा उत्तम वाहक आहे. त्याचा एक थेंब दोन पिनांवर पडला, तर विजेला आडवाट मिळते आणि मदरबोर्ड क्षणात निकामी होऊ शकतो. अॅल्युमिनियमलाही तो पोखरतो. शाळेच्या संगणकात तो सहसा नसतो. पण चमकणारा थेंब दिसला, तर संगणक सुरू न करता तो जाणकाराकडे द्यावा. पुढची कृती या प्रकारासाठी नाही.

सॉकेट म्हणजे रोवणीची बांधी

प्रोसेसर ज्या चौकटीत बसतो, ते सॉकेट. २००४ मध्ये इंटेल कंपनीने आपल्या टेबलावरच्या संगणकांसाठी एक मोठा बदल केला. तोपर्यंत पिना प्रोसेसरच्या पोटाला असत आणि सॉकेटला भोके असत. नव्या रचनेत पिना सॉकेटमध्ये आल्या आणि प्रोसेसरच्या पोटाला सोन्याचा मुलामा दिलेले चपटे ठिपके आले. त्या पहिल्या सॉकेटमध्ये ७७५ पिना होत्या. २०२१ च्या एका सॉकेटमध्ये १,७०० आहेत. एएमडी कंपनीच्या टेबलावरच्या संगणकांत मात्र पिना बराच काळ प्रोसेसरलाच राहिल्या. त्यांच्या एका प्रसिद्ध सॉकेटला १,३३१ भोके होती. २०२२ मध्ये त्यांनीही आपल्या नव्या सॉकेटमध्ये १,७१८ पिना आणल्या.

पिनांचे सॉकेट वरून पाहिले, तर रोवणी झालेली बांधीच आठवते. ओळीत ओळ, एकीला एक समांतर. दोन रोपांत मात्र फक्त एक मिलिमीटरच्या आसपास अंतर! प्रत्येक पीन सरळ उभी नसते. ती एका बाजूला कललेली लवचीक पट्टी असते. वरून प्रोसेसर दाबला, की ती किंचित खाली वाकते आणि ठिपक्याला घासून घट्ट टेकते.

पेस्ट तेथे जाते ती तीन वाटांनी. पहिली वाट आपण पाहिली, जास्त पेस्ट कडेने ओघळते. दुसरी वाट बोटांची. पेस्टने माखलेल्या बोटांनी प्रोसेसर उचलला, की ठिपक्यांना पेस्ट लागते आणि तेथून ती पिनांवर जाते. तिसरी वाट भोकांच्या सॉकेटमध्ये दिसते. वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते. हीट सिंक सरळ वर ओढला, की प्रोसेसरही त्याला चिकटून उपटून निघतो. मग पिना वाकतात, त्यांच्यावर पेस्ट सांडते.

पेस्ट काय बिघडवते?

पेस्ट वीज नेत नाही, मग भीती कसली? भीती तीच आहे! पीन आणि ठिपका यांच्यामध्ये तिचा थर बसला, तर वीज जायला हवी तेथे जात नाही. पीन घासत टेकते, त्यामुळे पातळ थर पुष्कळदा बाजूला सरतो आणि काहीच बिघडत नाही. पण थर जाड असेल, वाळलेला असेल, तर स्पर्श होत नाही.

याचा परिणाम कोणती पीन अडली यावर ठरतो. पिनांपैकी पुष्कळशा वीज पुरवण्यासाठी आणि परत नेण्यासाठी असतात. त्यांपैकी एखादी अडली, तर शेजारच्या पिना भार उचलतात. पण स्मृतीकडे जाणारी पीन अडली, तर संगणक अर्धीच रॅम दाखवतो, किंवा पडद्यावर काही येतच नाही. कधी संगणक थंड असताना चालतो आणि तापल्यावर अडखळतो. असा बिघाड शोधणे फार किचकट असते. कारण सुटे भाग सगळे चांगलेच असतात.

आधी तीन प्रश्न

सॉकेटमध्ये पेस्ट दिसली, की स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: पेस्ट कोणती? पांढरी किंवा करडी, मलमासारखी असेल तर घाई नाही. चमकणारा धातू असेल, तर थांबा.

दुसरा प्रश्न: ती आहे कोठे? सॉकेटच्या बाहेरच्या प्लॅस्टिकच्या कडेवर असेल, तर ती वीजही अडवत नाही आणि स्पर्शही अडवत नाही. प्रोसेसर जागेवर घट्ट बसलेला असताना ती कापडाने हलकेच टिपून घ्यावी. पिनांच्या टोकांवर असेल, तर साफ करायला हवी. पिनांच्या बुडाशी असेल, तर ती बहुधा निरुपद्रवी असते.

तिसरा प्रश्न: संगणक चालतो का? सगळी रॅम दिसते, तासभर काम करूनही अडखळत नाही, आणि पेस्ट वीज न नेणारी आहे. मग सॉकेटला हात न लावणे हेच शहाणपण. 'स्वच्छ दिसावे' एवढ्यासाठी हजारभर नाजूक पिनांशी खेळू नये. संगणक हमीच्या मुदतीत असेल, तर तो दुरुस्ती केंद्राकडेच द्यावा.

धुऊन काढा, पुसू नका

रोवणी झालेल्या बांधीत पालापाचोळा पडला, तर कोणी चादर ओढून तो काढत नाही. तशाने रोपेच उपटतील. पाणी सोडले, की पाचोळा वर येतो आणि वाहून जातो. सॉकेटचेही तसेच आहे. फक्त पाण्याऐवजी आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरायचे. ते ९९ टक्के शुद्धतेचे मिळते. ते ८२ अंशांना उकळते, साध्या तापमानालाही झपाट्याने उडून जाते आणि मागे काही ठेवत नाही. सिलिकोनचे तेल त्यात पूर्ण विरघळतेच असे नाही; पण पेस्ट सैल होते, पिनांवरची तिची पकड सुटते आणि ती हलवता येते.

हे काम शिक्षकांसमोरच करायचे. अल्कोहोलची वाफ सहज पेट घेते. म्हणून खिडक्या उघड्या, जवळ उदबत्ती, काडेपेटी किंवा स्टोव्ह नाही, आणि संगणकाची वायर भिंतीतून काढलेली. वायर काढल्यावर सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. मग पेटीच्या उघड्या धातूला हात लावा. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते. आपल्याला चटका जाणवतो तेव्हा ती सुमारे ३,००० व्होल्टपर्यंत चढलेली असते. प्रोसेसरला त्याहून कितीतरी कमी पुरते.

आता पाहणी. मोबाइलने सॉकेटचे जवळून छायाचित्र घ्या. मग विजेरी तिरपी धरून पिनांवर प्रकाश टाका आणि डोके हळूहळू हलवा. सगळ्या पिनांची टोके एकसारखी चमकतात. जेथे चमक तुटते, तेथे पीन वाकलेली तरी आहे किंवा तिच्यावर पेस्ट तरी आहे. पिना कोणत्या बाजूला कललेल्या आहेत तेही पाहून ठेवा. काही सॉकेटांत पिनांचे दोन गट असतात आणि दोघांचा कल वेगवेगळा असतो.

एक मऊ, नवा, बारीक रंगकामाचा ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवा. पेस्टवर थेंब सोडा आणि मिनिटभर थांबा. नंतर ब्रशचे केवळ टोक पिनांच्या कलाच्या दिशेने, बुडाकडून टोकाकडे, अलगद फिरवा. उलट किंवा आडवे कधीही नाही. प्रत्येक फेरीनंतर ब्रश स्वच्छ कागदावर टिपा, म्हणजे निघालेली पेस्ट पुन्हा आत जाणार नाही. शेवटी ड्रॉपरने थोडे अल्कोहोल सोडून मदरबोर्ड तिरपा करा आणि मळलेला द्रव कडेला टिपकागदाने शोषून घ्या. कागद पिनांना लावू नका. कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा असेल, तर त्याने वारा घाला. तोंडाने फुंकू नका; फुंकरीबरोबर थुंकीचे तुषारही जातात.

प्रोसेसरच्या पोटावरचे चपटे ठिपके त्या मानाने सोपे. धागे न सुटणारे कापड अल्कोहोलने ओले करून ते हलके पुसावेत, आणि नंतर प्रोसेसर कडांनाच धरावा. पिना प्रोसेसरला असतील, तर मऊ टूथब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून ओळींच्या दिशेने फिरवावा.

मग वाळू द्या. अल्कोहोल लवकर उडते, पण पिनांच्या बुडाशी अडकलेल्या थेंबाला वेळ लागतो. रात्रभर ठेवले तर उत्तम. रिकाम्या सॉकेटवर त्याचे प्लॅस्टिकचे झाकण बसवून ठेवावे. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा देऊ नये.

हे वापरू नका

कापूस नको. त्याचे तंतू पिनांत अडकतात आणि ओढताना पीन घेऊन येतात. रॉकेल आणि पेट्रोल नको. मागे तेलकट थर राहतो, आणि आगीचा धोका तर आहेच. नखांचा रंग काढायच्या द्रवात ॲसिटोन असू शकते. ते अनेक प्लॅस्टिकना खाते. साबणाचे पाणीही नको.

हात निर्जंतुक करायचे सॅनिटायझर तर मुळीच नको. त्यातही अल्कोहोल असते ना, असे तुम्ही म्हणाल. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या एका मिश्रणात ७५ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल असते, पण त्याबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल आणि थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड असते, उरलेले पाणी. ग्लिसरॉल हाताची त्वचा कोरडी पडू नये म्हणून घातलेले आहे. ते उडून जात नाही. अल्कोहोल जाईल आणि पिनांवर चिकट थर मागे राहील. हातासाठी जो गुण, तोच सॉकेटसाठी दोष!

पेस्ट सांडूच नये म्हणून

हीट सिंक काढण्यापूर्वी संगणक पाच-दहा मिनिटे चालवा, म्हणजे पेस्ट जरा मऊ होईल. तो लगेच बंद पडत असेल, तर चालला तेवढ्यानेही थोडी ऊब मिळते. मग संगणक बंद करून वायर काढा. हीट सिंकचे स्क्रू सोडवा आणि तो जागच्या जागी किंचित डावीकडे-उजवीकडे फिरवा. पकड सुटली की उचला. जुनी पेस्ट प्रोसेसर सॉकेटमध्ये बंद असतानाच, अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापडाने, कडेकडून मध्याकडे पुसा. मध्याकडून कडेकडे पुसाल, तर तिला सॉकेटची वाट दाखवाल. नवी पेस्ट मधोमध, वाटाण्याच्या दाण्यापेक्षा थोडी लहान. ती पसरवायचे काम हीट सिंकच्या दाबावर सोडा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

प्रयोग करून पाहा

थराचे महत्त्व पटण्यासाठी संगणक उघडायची गरज नाही. सपाट बुडाचे दोन सारखे स्टीलचे पेले, एक जाड सपाट लोखंडी तवा आणि प्रयोगशाळेतील तापमापी घ्या. तवा थंड असावा. एका पेल्यात मोजून गरम पाणी घ्या आणि कोरड्या तव्यावर ठेवा. दर मिनिटाला पाण्याचे तापमान वहीत टिपा. असे दहा मिनिटे करा. तवा पुन्हा थंड होऊ द्या. आता तव्यावर पाण्याचे चार थेंब पसरा, त्यावर दुसरा पेला तेवढ्याच आणि तेवढ्याच गरम पाण्याने भरून ठेवा. पुन्हा नोंदी घ्या. तिसऱ्या वेळी पेल्याखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा. तिन्ही नोंदींचे आलेख एकाच कागदावर काढा. कोणता पेला सर्वांत लवकर निवला? चार थेंबांनी कोणाची जागा घेतली? घडी का आड आली? उत्तरे वर आलेल्या आकड्यांतच आहेत.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. भंगारात निघालेला एखादा मदरबोर्ड शाळेत जपून ठेवावा. पिना कशा कललेल्या असतात, विजेरीच्या प्रकाशात त्यांची चमक कशी तुटते, ब्रश किती हलका धरावा लागतो, हे त्यावर मुलांना दाखवावे. चालू संगणकावर हात टाकण्यापूर्वी प्रत्येकाने त्या बंद मदरबोर्डावर एकदा तरी सॉकेट साफ करून पाहावे, आणि नंतर भिंगातून पिना मोजाव्यात. एकही वाकली नसेल, तर पुढच्या जूनमध्ये शाळेचा संगणक उघडायला तो विद्यार्थी सरांच्या मदतीला उभा राहू शकेल.